राइड्स टिकल्या, पार्क गेलं : कोनी आयलंडच्या स्टीपलचेसची गोष्ट

मनोरंजन पार्क बंद पडलं की ‘राइड्स जुन्या झाल्या, लोक कंटाळले’ असं कारण सहज दिलं जातं. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवरचं स्टीपलचेस पार्क १८९७ ते १९६४ अशी ६७ वर्षं चाललं. त्याची मुख्य राइड, म्हणजे रुळांवरून धावणाऱ्या यांत्रिक घोड्यांची शर्यत, पहिल्या हंगामातही होती आणि शेवटच्या हंगामातही. मधे एकदा ती जळून खाक झाली, तर पुन्हा उभी केली गेली. पार्क बंद झाल्यावर तिथला एक मेरी-गो-राउंड जपानला गेला आणि तिथे आणखी जवळपास ५० वर्षं फिरला. आणखी एका राइडचा पोलादी सांगाडा अजून जागेवर उभा आहे आणि त्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळालेला आहे. यंत्रं टिकली, पार्क मात्र टिकलं नाही.

असं का झालं हे समजून घ्यायचं तर दोन गणितं बघावी लागतात. एक राइड्सचं, दुसरं त्यांच्याखालच्या जमिनीचं. आपल्याकडे जत्रा उठली की पाळणेवाले सामान ट्रकवर चढवून पुढच्या गावाला जातात आणि मैदान पुन्हा गावाचं होतं. पाळणेवाल्याचं पोट यंत्रावर चालतं, जागेवर नाही. पार्क म्हणजे तीच यंत्रं एका जागी कायमची रोवून ठेवणं. मग जागेचा कर, राखण, रंगरंगोटी, दुरुस्ती हे सगळं बारा महिने सोसायचं आणि कमाई करायची ती उन्हाळ्याच्या तीन-साडेतीन महिन्यांत, तीही पाऊस पडला नाही तर.

कुंपण घातल्याने काय बदललं

कोनी आयलंड हा ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाचा वाळूचा पट्टा, अटलांटिक महासागराला लागून. नाव बेटाचं असलं तरी आज तो मुख्य जमिनीला जोडलेला आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली तसे न्यू यॉर्ककर उन्हाळ्यात इथे लोटू लागले. हॉटेलं, समुद्रस्नानाच्या खोल्या, दारूचे गुत्ते, जुगार, घोड्यांच्या शर्यती असं सगळं एका किनाऱ्यावर नांदत होतं. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सनने इथेच आपली ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. ताशी सुमारे ६ मैल वेगाने, म्हणजे धावत्या माणसापेक्षाही हळू जाणारी ही गाडी. तिकीट ५ सेंट. अमेरिकेतल्या रोलर कोस्टरच्या धंद्याची सुरुवात तिच्यापासून मानतात.

जॉर्ज टिल्यू याच वाळूत वाढला. त्याचा जन्म १८६२ चा, आणि आईवडिलांचं किनाऱ्यावर ‘सर्फ हाउस’ नावाचं हॉटेल होतं. पोरगेल्या वयात त्याने बाहेरगावच्या पाहुण्यांना सिगारच्या रिकाम्या डब्यांतून वाळू आणि बाटल्यांतून समुद्राचं पाणी विकल्याची गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात सापडते. १८९३ मध्ये तो शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. तिथे जॉर्ज फेरिसचा सुमारे ८० मीटर उंचीचा आकाशपाळणा बघून त्याने तो विकत घ्यायचा प्रयत्न केला. सौदा जमला नाही, तेव्हा त्याने साधारण निम्म्या उंचीचा दुसरा पाळणा बनवायला सांगितला आणि जागेवर ‘जगातला सर्वांत मोठा पाळणा इथे येणार’ अशी पाटी लावून टाकली.

तोवर किनाऱ्यावर प्रत्येक राइड सुटी होती. प्रत्येकीचा मालक वेगळा, प्रत्येकीचं तिकीट वेगळं, आणि मधल्या रस्त्यावर कोणीही फिरावं. १८९५ मध्ये पॉल बॉयटन नावाच्या पट्टीच्या पोहणाऱ्याने ‘सी लायन पार्क’ काढलं, त्याला चारही बाजूंनी कुंपण घातलं आणि आत यायलाच पैसे लावले. टिल्यूने ते पाहिलं. १८९७ मध्ये त्यानेही आपल्या विखुरलेल्या राइड्स १५ एकरांच्या कुंपणात आणल्या आणि स्टीपलचेस पार्क उघडलं.

कुंपण ही वरवर साधी गोष्ट वाटते, पण पार्कचा सगळा व्यवहार तिच्यावर उभा आहे. फाटक असलं की आत कोण येतं यावर मालकाचा ताबा राहतो. पाकीटमार आणि दारुडे बाहेर ठेवता येतात, आणि मग ज्या कुटुंबांनी कोनी आयलंडकडे पाठ फिरवलेली असते ती मुलाबाळांसह येतात. शिवाय एकच तिकीट विकता येतं. टिल्यूने २५ सेंटला २५ राइड्स असं एकत्र तिकीट काढलं. घसरगुंडीवरून किंवा उतारावरून खाली यायला इंजिन लागत नाही, त्यामुळे एक माणूस जास्त घसरला तरी खर्चात फारसा फरक पडत नाही. पण पैसे एकदाच भरले की गिऱ्हाईक दिवसभर कुंपणाच्या आत राहतं, आणि दिवसभर राहिलेला माणूस खातो, पितो, फोटो काढून घेतो.

वजनदार माणूस का जिंकतो

पार्कला नाव देणारी राइड (स्टीपलचेस म्हणजे घोड्यांची अडथळ्यांची शर्यत) टिल्यूच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती एका इंग्रज संशोधकाची. टिल्यूने तिचे अमेरिकेतले हक्क विकत घेतले. त्याचं खरं कसब जागा ओळखण्यात होतं. त्या काळात कोनी आयलंड परिसरात घोड्यांच्या शर्यतींची तीन मोठी मैदानं होती: शीप्सहेड बे, ग्रेव्हझेंड आणि ब्रायटन बीच. हजारो लोक तिथे शर्यत बघायला आणि पैसे लावायला येत, पण घोड्यावर बसणं त्यांच्यातल्या बहुतेकांना परवडणारं नव्हतं. टिल्यूने त्यांना घोड्यावर बसवलं. पुढे जुगारविरोधी कायद्यामुळे १९१० पर्यंत ती तिन्ही मैदानं बंद पडली. टिल्यूचे घोडे पुढे ५४ वर्षं धावत राहिले.

राइड अशी चाले. लोखंडी रुळांच्या समांतर जोड्या, आणि प्रत्येक रुळावर एक घोडा. घोडे आधी उंचावर नेले जात आणि तिथून उतारावर सोडले जात. वाटेत चढ, उतार, वळणं आणि ओढ्यावरचा पूल. खऱ्या अडथळ्यांच्या शर्यतीत असतं ते सगळं. खोगीर दोघांपुरतं, त्यामुळे बहुधा मुलगा मागे आणि मुलगी पुढे, मुलाचे हात तिच्या कमरेभोवती. १८९७ सालच्या अमेरिकेत तरुण जोडप्याला चारचौघांत एवढं जवळ बसायला दुसरं सभ्य कारण मिळणं अवघड होतं. टिल्यूच्या यशात गुरुत्वाकर्षणाइतकाच याचाही वाटा होता.

ओढायला इंजिन नव्हतं. मग शर्यत कोण जिंकायचं? बहुतेक वेळा ज्या घोड्यावर जास्त वजन असे तो. इथे शाळेत शिकलेलं आठवून कोणी अडेल: गॅलिलिओ तर सांगून गेला की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात. ते खरं आहे, पण हवा आणि घर्षण नसतील तरच. उतारावर पृथ्वी प्रत्येक घोड्याला त्याच्या वजनाच्या प्रमाणात ओढते, म्हणून केवळ ओढीचा विचार केला तर कोणीच पुढे जाणार नाही. चाकांचं रुळावरचं घर्षणही वजनाबरोबर साधारण त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे तिथेही बरोबरी होते. फरक पडतो तो हवेमुळे. समोरून येणारी हवा किती मागे ढकलणार, हे बसणाऱ्यांचा आकार आणि वेग यांवर ठरतं. वजन दीडपट झालं म्हणून छातीची रुंदी दीडपट होत नाही. म्हणजे हवेचा जोर दोघांवर जवळपास सारखा, पण तो जोर जड घोड्याला कमी रोखू शकतो. चाकं फिरती ठेवायला जी शक्ती खर्च होते तिचंही तसंच: जड घोड्याच्या एकूण शक्तीत तो वाटा लहान असतो. प्रत्येक उतारावर हा फरक थोडा थोडा साठत जातो आणि शेवटच्या टप्प्यावर काही हातांचं अंतर दिसू लागतं. नेहमी येणारी मंडळी हे पुस्तकाविना ओळखून होती. जिंकायचं असेल तर एकट्याने बसायचं नाही.

शर्यत संपल्यावर मात्र सुटका नव्हती. बाहेर पडायच्या वाटेवर एक छोटं व्यासपीठ होतं, आणि शर्यतीतून उतरलेल्या प्रत्येकाला त्यावरून जावं लागे. जमिनीतून हवेचे झोत सुटत, टोप्या उडत, बायकांचे झगे वर जात. विदूषक विजेचा हलका चटका देणारी काठी घेऊन उभा असे. समोर बाकांवर बसून हसणारे लोक म्हणजे थोड्या वेळापूर्वी याच फजितीतून गेलेले. तमाशा दाखवायला नट नेमावे लागत नाहीत, गिऱ्हाइकंच एकमेकांची करमणूक करतात, हा टिल्यूचा शोध पुढच्या शंभर वर्षांच्या मनोरंजन धंद्याने उचलला. पण हेही स्पष्ट म्हणायला हवं की त्या हास्याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. पुरुषाची टोपी उडणं आणि बाईचा झगा उडणं यांत फरक आहे, तेव्हाही होता. जुन्या दिवसांच्या आठवणीत रमणारे लेख हा भाग गमतीचा म्हणून सांगतात. मला तो तसा सांगता येत नाही.

चंद्राची सहल आणि आग

१९०१ मध्ये टिल्यू बफेलोच्या प्रदर्शनाला गेला आणि तिथून ‘चंद्राची सहल’ घेऊन आला. फ्रेडरिक थॉम्प्सन आणि एल्मर डंडी या जोडीची ही राइड. लोक ‘लूना’ नावाच्या पंखवाल्या जहाजात बसत. जहाज जागेवरच डुलायचं. बाहेर सरकणारी चित्रं, बदलते दिवे आणि पंख्याचा वारा यांनी आपण पृथ्वी सोडून निघालो आहोत असा भास व्हायचा. उतरल्यावर चंद्रावरचे रहिवासी भेटत. आज मॉलमध्ये हलणाऱ्या खुर्च्यांचं जे थिएटर असतं, त्याचा हा पूर्वज.

१९०२ चा उन्हाळा पावसात गेला. तरी ही राइड चालली. पुढच्या वर्षीच्या कराराच्या वाटाघाटीत टिल्यूने आपला वाटा वाढवून मागितला, आणि थॉम्प्सन-डंडी आपलं जहाज घेऊन बाहेर पडले. त्यांनी बॉयटनच्या बंद पडत आलेल्या पार्कची जागा घेतली आणि मे १९०३ मध्ये तिथे लूना पार्क उघडलं. अडीच लाख दिव्यांनी उजळलेलं हे पार्क स्टीपलचेसचं सर्वांत मोठं प्रतिस्पर्धी ठरलं. एक राइड कुंपणाबाहेर गेली आणि तिच्या मागे एक अख्खं पार्क उभं राहिलं. १९०४ मध्ये ‘ड्रीमलँड’ आलं आणि कोनी आयलंडवर तीन मोठी पार्कं झाली.

तिन्ही पार्कांच्या भव्य इमारती लांबून संगमरवरी दिसत, पण आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असे आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ताग किंवा अंबाडीचे धागे मिसळून केलेला लेप. शिकागोच्या प्रदर्शनात हेच तंत्र वापरलं होतं. स्वस्त, झटपट, हव्या त्या आकारात घडणारं. प्रदर्शन एका हंगामाचं असतं, त्याला ते चालून जातं. पार्क वर्षानुवर्षं उभं राहायचं असतं, त्यात समुद्राचा वारा, गंजणाऱ्या विजेच्या तारा, डांबर, रंग आणि हजारो सिगारेटी.

२८ जुलै १९०७ च्या पहाटे स्टीपलचेसला आग लागली आणि जवळजवळ सगळं पार्क गेलं. विमा नव्हता. दुसऱ्या दिवशी टिल्यूने पाटी लावली: काल ज्या अडचणी होत्या त्या आज नाहीत, आज ज्या आहेत त्या काल नव्हत्या, याच जागी अधिक मोठं स्टीपलचेस उभं राहील, तोवर जळते अवशेष बघायचे १० सेंट. लोकांनी ते १० सेंट दिले.

ड्रीमलँडला एवढंही जमलं नाही. २७ मे १९११ ला, हंगाम सुरू व्हायच्या ऐन तोंडावर, ‘हेल गेट’ नावाच्या बोटीच्या राइडमध्ये डांबराने गळती बुजवताना आग लागली आणि सकाळपर्यंत पार्क राखेत गेलं. ते पुन्हा बांधलं गेलंच नाही. लूना पार्कला १९४४ मध्ये मोठी आग लागली आणि ते त्यातून सावरलं नाही. त्या जागी पुढे निवासी इमारती झाल्या. तिघांतलं फक्त स्टीपलचेस उरलं, आणि त्याचं कारण १९०७ नंतर टिल्यूने जे बांधलं त्यात आहे.

काचेच्या छताखाली

त्याने पोलाद आणि काच वापरून एक प्रचंड मंडप उभारला: ‘पॅव्हिलियन ऑफ फन’. लाकूड आणि लेप यांच्या तुलनेत तो आगीला दाद देणारा नव्हता, आणि त्याखाली पावसातही धंदा चालू राहायचा. जमिनीच्या गणितात याचं मोल फार मोठं आहे. साधारण १०० दिवसांच्या हंगामात १५ दिवस पाऊस पडला तर उघड्या पार्कचं वर्ष बुडू शकतं. मंडपवाल्या पार्कचं ते तरून जातं. घोड्यांचा मार्ग या मंडपाला वळसा घालून गेला.

मंडपातल्या बऱ्याचशा करमणुकींना राइड म्हणणंही अवघड आहे. दोन भागांत वरखाली हलणारा ‘भूकंप जिना’. फिरणारं पिंप, ज्यातून चालत पलीकडे जायचं आणि सगळेच एकमेकांवर कोसळायचे. अनोळखी माणसाच्या अंगावर पडून, उठून, हसून माफी मागायची आणि ओळख करून घ्यायची.

यातलं ‘ह्यूमन रुलेट व्हील’ सविस्तर सांगण्यासारखं आहे. गुळगुळीत लाकडाची मोठी गोल तबकडी, त्यावर २०-३० जण मांडी घालून बसलेले. तबकडी फिरू लागते, वेग वाढतो आणि एकेक जण घसरत कडेला जाऊन पडतो. ‘बाहेर फेकलं गेलो’ असं सगळे म्हणतात, पण कोणी कोणाला फेकत नसतं. चालत्या वस्तूचा कल सरळ जाण्याकडे असतो. तिला गोलात फिरवत ठेवायचं तर सतत मध्याकडे ओढावं लागतं, आणि इथे ती ओढ फक्त लाकूड आणि कपडा यांच्यातल्या घर्षणातून मिळते. घर्षण पुरेनासं झालं की माणूस सुटतो.

घोड्यांच्या शर्यतीत वजन कामाला यायचं, इथे त्याचा काहीच उपयोग नाही. जड माणसाला गोलात ठेवायला जास्त ओढ लागते हे खरं, पण त्याच्याखालचं घर्षणही तेवढ्याच प्रमाणात जास्त असतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांना फेडतात. ठरतं ते फक्त तुम्ही मध्यापासून किती दूर बसलात यावर. मध्यापासून चौपट दूर बसलेला माणूस निम्म्या वेगालाच सुटतो. म्हणून तबकडी थांबलेली असताना बरोब्बर मध्याच्या जागेसाठी झुंबड उडायची, आणि ज्याला ती मिळाली तो सगळ्यात शेवटी पडायचा. अंगठ्याएवढीसुद्धा यंत्रणा दिसत नाही, नट नाही, संवाद नाहीत, आणि २० माणसं एका मिनिटात हसून बेजार. इतकी स्वस्त आणि इतकी चोख करमणूक फार थोड्यांनी रचली असेल.

टिल्यू १९१४ मध्ये वारला. पार्क कुटुंबाकडेच राहिलं.

पाच सेंट

१९२० पर्यंत भुयारी रेल्वे कोनी आयलंडला पोचली आणि न्यू यॉर्कच्या कुठल्याही भागातून ५ सेंटमध्ये समुद्र गाठता येऊ लागला. हे भाडं १९४८ पर्यंत वाढलं नाही. १९२३ मध्ये समुद्रालगतचा लांबलचक लाकडी बोर्डवॉक खुला झाला. कडक उन्हाच्या रविवारी किनाऱ्यावर दहा लाख माणसं मोजली जाऊ लागली.

गर्दी वाढली की धंदा वाढणार असं वाटतं, पण झालं वेगळंच. जो पाच सेंटवर आला त्याच्या खिशात खर्चायला फारसं नव्हतं, आणि वाळू आता सार्वजनिक झाल्याने समुद्रात डुंबायला पैसे लागत नव्हते. किनारा फुलला, कुंपणाच्या आतली कमाई त्या मानाने वाढली नाही. तरीही महामंदीतून स्टीपलचेस तगलं, कारण एकाच तिकिटात दिवस घालवायची सोय तंगीच्या काळात लोकांना हवीच होती.

१९४१ मध्ये पार्कने मोठी झेप घेतली. १९३९-४० च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पॅराशूट जंप’ नावाची राइड होती, ती टिल्यूच्या मुलांनी विकत घेतली, सुटी करून कोनी आयलंडला आणली आणि समुद्राकाठी पुन्हा उभी केली. मूळ कल्पना नौदलातून निवृत्त झालेल्या जेम्स स्ट्राँग यांची. त्यांचे मनोरे छत्रीधारी सैनिकांच्या सरावासाठी होते. प्रदर्शनातली आवृत्ती २५० फूट, म्हणजे ७६ मीटर उंच. वर चारही बाजूंना पसरलेले १२ हात, आणि प्रत्येक हाताखाली एक छत्री.

खरी हवाई छत्री खाली येताना उघडावी लागते, आणि धोका त्या क्षणात असतो. इथे कापड आधीपासूनच गोल कड्याला ताणून उघडं ठेवलेलं असे. दोघं जण खालच्या फळीवर बसत, पोलादी दोर त्यांना मिनिटभरात वर ओढून नेई, टोकाला पोचताच आकडा सुटे आणि छत्री खाली यायला लागे. खाली यायला १० ते २० सेकंद. भोवतीने लावलेल्या दोरांमुळे छत्री वाऱ्याने भरकटत नसे, आणि तळाशी धक्का झेलणारी स्प्रिंगची व्यवस्था होती. बसणाऱ्यांच्या आठवणीत भीतीचा क्षण एकच असतो: आकडा सुटल्यावर कापडात हवा भरेपर्यंतचा.

राइड म्हणून ही उत्तम होती, पण जागा मात्र चुकीची. आतल्या भागातल्या प्रदर्शनात चालणारी यंत्रणा भर समुद्राच्या वाऱ्यात आणली होती. जोराचा वारा सुटला की ती बंद ठेवावी लागे. शिवाय एकेका छत्रीमागे तीन-तीन माणसं लागत आणि एका खेपेला फक्त दोघं बसत. घोड्यांच्या शर्यतीला लागणारी गुरुत्वाकर्षणाची फुकटची मजुरी इथे चालत नव्हती. पार्कची ओळख झालेली ही राइड हिशेबाच्या वहीत कायम जड गेली.

जमिनीचा सौदा

दुसऱ्या महायुद्धानंतर कोनी आयलंडची उतरण लागली. मोटारी आल्या, आणि मोटारवाली कुटुंबं जोन्स बीचसारख्या दूरच्या किनाऱ्यांवर जाऊ लागली. घरोघरी दूरचित्रवाणी आली, एअर कंडिशनर आले. उकाड्यातून सुटायला समुद्रच हवा ही गरज उरली नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं आणि पार्क कसं असावं याबद्दलच्या लोकांच्या अपेक्षा बदलल्या. शहराच्या नियोजनात प्रचंड वजन असलेले रॉबर्ट मोझेस यांना कोनी आयलंडच्या करमणुकीबद्दल प्रेम नव्हतं. त्यांच्या काळात पार्कांच्या आसपासची जुनी वस्ती पाडून उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या.

१९६४ च्या उन्हाळ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, पॅराशूट जंप जिथून आली होती त्याच फ्लशिंग मेडोजमध्ये, नवं जागतिक प्रदर्शन भरलं आणि गर्दी तिकडे वळली. त्याच वर्षी जॉर्ज टिल्यूचा मुलगा फ्रँक वारला. उरलेल्या वारसांनी विकायचं ठरवलं. २० सप्टेंबर १९६४ हा पार्कचा शेवटचा दिवस.

१९६५ मध्ये जागा घेतली बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी, २० लाख डॉलरांहून जास्त मोजून. (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांचे हे वडील.) कोनी आयलंडवर ‘ट्रम्प व्हिलेज’ ही उंच इमारतींची वसाहत त्यांनी नुकतीच उभी केली होती, आणि समुद्रासमोरच्या या जागेवरही त्यांना इमारतीच हव्या होत्या. अडचण अशी की शहराच्या आराखड्यात ही जमीन करमणुकीसाठी राखीव होती. महाराष्ट्रात विकास आराखड्यातलं, म्हणजे डीपीमधलं, आरक्षण म्हणतात, तसाच प्रकार. आरक्षण उठल्याशिवाय घरं बांधता येणार नव्हती.

इथून पुढचा भाग वाचताना अजूनही चीड येते. न्यू यॉर्कमध्ये वारसा वास्तूंचा कायदा १९६५ मध्येच झाला होता. मंडपाला तो दर्जा मिळाला असता तर तो पाडणं अवघड झालं असतं. सप्टेंबर १९६६ मध्ये ट्रम्प यांनी मंडप पाडायच्या कामाचा चक्क समारंभ केला. पाहुणे बोलावले, पोहण्याच्या पोशाखातल्या मॉडेल्स उभ्या केल्या आणि पाहुण्यांच्या हाती विटा देऊन काचांवर फेकायला लावल्या. त्या काचांवर पार्कचं बोधचिन्ह होतं: कानापर्यंत जिवणी फाकलेला, दात काढून हसणारा चेहरा. १९०७ च्या आगीनंतर उभा राहिलेला, मंदी आणि दोन महायुद्धं पाहिलेला मंडप गेला, आणि आरक्षण शेवटपर्यंत उठलं नाही. एकही इमारत झाली नाही. काही वर्षांनी शहराने ती जागा ताब्यात घेतली. मधल्या काळात तिथे किरकोळ राइड्स चालल्या, गाड्या उभ्या राहिल्या, गवत वाढलं. २००१ मध्ये तिथे बेसबॉलचं छोटं स्टेडियम उघडलं, म्हणजे पार्क बंद झाल्यापासून ३७ वर्षांनी.

स्टीपलचेस चालू राहिलं असतंच असं माझं म्हणणं नाही. कदाचित आणखी पाच-दहा वर्षांत ते आपोआप थकलं असतं. पण ते पाडलं गेलं ते अशा भावासाठी, जो त्या जमिनीला कधी आलाच नाही. पार्कची किंमत त्याच्या कमाईवर ठरते आणि जमिनीची किंमत तिच्यावर काय बांधता येईल या अंदाजावर. अंदाज वाढला की चालू धंदा तोट्यातला वाटू लागतो, जरी तो स्वतःचं पोट भरत असला तरी. शहरातली पार्कं बंद होतात तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच गणित आड असतं.

यंत्रांना अशी अडचण नसते. त्यांना दुसरी जागा चालते. ‘एल्डोराडो’ मेरी-गो-राउंडचंच बघा. जर्मन कारागीर ह्यूगो हासे याने तो १९०७ मध्ये बनवला, युरोपच्या जत्रांतून फिरवला. १९११ च्या सुमारास तो कोनी आयलंडला आला आणि पुढे स्टीपलचेसचा झाला. त्याची रचना वेगळी: पायऱ्यांसारखे चढत गेलेले तीन गोल मंच, आणि तिघांचाही फिरण्याचा वेग वेगळा. त्यामुळे बसल्याजागी शेजारचे घोडे, डुकरं आणि रथ सतत मागेपुढे सरकत राहतात. पार्क बंद झाल्यावर तो टोकियोच्या तोशिमाएन पार्कने विकत घेतला, दुरुस्त केला आणि १९७१ मध्ये सुरू केला. २०१० मध्ये जपानमधल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने त्याला यांत्रिक अभियांत्रिकीचा वारसा म्हणून मान्यता दिली. ३१ ऑगस्ट २०२० ला तोशिमाएनही बंद झालं, आणि त्याच्या जागेच्या एका भागात २०२३ मध्ये चित्रपटाच्या सेट्सचं मोठं आकर्षण उघडलं. एल्डोराडोने दोन देशांतली दोन पार्कं संपताना पाहिली. त्यानंतर तो सुटा करून ठेवला गेला.

पॅराशूट जंपचा मनोरा मात्र हलवणं परवडणारं नव्हतं, आणि पाडणंही महाग पडलं असतं. बरीच वर्षं तो निव्वळ त्यामुळे उभा राहिला. १९७७ मध्ये त्याला शहराने वारसा दर्जा दिला आणि लगेच काढूनही घेतला. १९८९ मध्ये तो पुन्हा आणि कायमचा मिळाला. आता त्याची डागडुजी होते, रात्री दिवे लागतात. छत्र्या नाहीत.

घोड्यांची कल्पनाही परतली आहे. २००९ मध्ये न्यू यॉर्क शहराने किनाऱ्यालगतची काही एकर जमीन एका बांधकाम कंपनीकडून साडेनऊ कोटी डॉलरांना विकत घेतली, ती करमणुकीसाठीच राखली आणि पार्क चालवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिली. २०१० मध्ये तिथे नवं लूना पार्क सुरू झालं, आणि २०११ मध्ये त्यात ‘स्टीपलचेस’ नावाचा रोलर कोस्टर आला. बसायला घोड्याच्या आकाराच्या जागा आहेत, पण सगळे घोडे एकाच गाडीला जोडलेले आणि गाडीला सुरुवातीचा झटका यंत्र देतं. त्यामुळे कोणी पुढे जात नाही, आणि वजनाचा काही उपयोग होत नाही.